मिरगाच्या डोक्यातले लाल ठिपके : एका यादीचं प्रकरण

आमच्याकडे मिरग ७-८ जूनला लागतो. तरव्याचं भात पेरून झालेलं असतं, मिरगाचा कोंबडा शिजतो आणि घराघरांत पावसाशिवाय दुसरं बोलणं नसतं. मिरग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. त्यामुळे ज्या नक्षत्राच्या नावाने कोकणातला शेतकरी वर्षाची सुरुवात करतो, ते नक्षत्र त्या दिवसांत कुणाच्याच नजरेला पडत नाही. ते सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबरच मावळतं.

२०२५ साली पाऊस मे संपायच्या आतच कोकणात उतरला होता. त्या जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने ह्याच मृगाच्या डोक्यात नुकते जन्मलेले तारे शोधायला घेतले. मी तिला फिजिक्स शिकवते. देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या वाडीत तिचं घर, वडील मच्छीमार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून होडी वर ओढून झापांनी शाकारलेली आणि सगळी माणसं घरात. दुर्बीण नव्हती, ढगांमुळे आकाशही नव्हतं, लाईट दिवसातून चार वेळा जायची. जुना लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट एवढंच हाताशी होतं. एवढ्यावर जे झालं, जिथे आम्ही चुकलो आणि चूक जशी सापडली, ते इथे सगळं मांडते. ह्या विषयात नव्याने हात घालणारा प्रत्येक जण त्याच खड्ड्यावरून जातो, आणि खड्डा वरून अगदी सपाट दिसतो.

लाल म्हणजे काय

तारा धुळीच्या पोटात जन्मतो. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळतो, मधोमध आदितारा तापू लागतो आणि भोवती धुळीची तबकडी फिरत राहते. ही धूळ दृश्य प्रकाश गिळते, पण अवरक्त किरणांना तितकीशी अडवत नाही. ताऱ्याचा ठळकपणा प्रतींत मोजतात, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. जो ढग दृश्य प्रकाश १० प्रतींनी, म्हणजे १०,००० पट मंद करतो, तोच २.२ मायक्रॉनच्या किरणांना जेमतेम एका प्रतीने, म्हणजे अडीच पट मंद करतो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. धूळ जो प्रकाश गिळते त्याने ती स्वतः तापते आणि अवरक्तात चमकू लागते. सुमारे ३०० केल्विन तापमानाच्या धुळीची चमक १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असते. ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस. मिरगाआधीच्या उकाड्यात आमच्या पडवीत रात्री जे तापमान असतं, तेच त्या तबकड्यांच्या आतल्या भागातल्या काही धुळीचं. म्हणून साधा तारा जसजसं लांब तरंगलांबीकडे जावं तसा मंद होत जातो, तर तबकडीवाला तारा त्या बाजूला अपेक्षेपेक्षा कितीतरी ठळक दिसतो. ह्यालाच आम्ही ‘लाल’ म्हणतो. खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स लाडा यांनी १९८७ मध्ये ह्याच उतारावरून, म्हणजे लांब तरंगलांबीकडे जाताना चमक कशी चढते-उतरते त्यावरून, तान्ह्या ताऱ्यांचे वर्ग पाडले. वर्ग १ म्हणजे अजून ढगाच्या दुलईत असलेला, वर्ग २ म्हणजे दुलई विरलेली पण तबकडी शिल्लक असलेला, वर्ग ३ म्हणजे तबकडीही जवळजवळ संपलेला. सर्वांत कोवळ्यांसाठी वर्ग ० पुढे १९९३ मध्ये जोडला गेला.

पडवी जर १० मायक्रॉनला चमकत असेल, तर कौलं, जांभ्याची भिंत, माडाचा बुंधा, दुर्बिणीची नळी आणि वरची दमट हवा हे सगळंच चमकतं. दिवसाढवळ्या तारे बघण्यासारखंच ते. किनाऱ्यावरून हे काम होणं शक्य नाही. त्यासाठी लडाखमधल्या हॅनलेसारखी ४,५०० मीटर उंचीवरची कोरडी जागा लागते, आणि १२-२२ मायक्रॉनचं संपूर्ण आकाश हवं असेल तर अवकाशातच जावं लागतं.

अशी पाहणी पहिल्यांदा १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने केली. १९९७ ते २००१ मध्ये टूमास पाहणीने ॲरिझोना आणि चिली इथल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी जवळच्या अवरक्तात अख्खं आकाश टिपलं, सुमारे ४७ कोटी ठिपके. डिसेंबर २००९ मध्ये वाईज ही अवकाश दुर्बीण गेली. आरसा फक्त ४० सेंटीमीटरचा, पण घन हायड्रोजनने गारठवलेली, आणि चार पट्ट्यांत बघणारी : ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. तिच्या ऑलवाईज यादीत जवळजवळ ७५ कोटी नोंदी आहेत आणि ती कुणालाही फुकट उतरवता येते. वाईज नेहमी सूर्याशी काटकोन ठेवून बघत असे, म्हणून मृगाचं डोकं तिच्या नजरेत यायचं मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास. मार्च २०१० मध्ये चारही पट्टे चालू होते. सप्टेंबरात ती परत तिथे आली तेव्हा २२ मायक्रॉनचा पट्टा बंद पडला होता, कारण ऑगस्टमध्ये गारवा संपू लागला होता. वाडीवर मिरगाचा पाऊस कोसळत असताना आम्ही बघत होतो ते पंधरा वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं मृग.

मृगशीर्षाभोवतीचं कडं

हरणाच्या डोक्यातले तीन जवळजवळचे तारे सगळ्यांना माहीत असतात. त्यांतला ठळक तो लॅम्डा ओरायनिस, मृगशीर्ष नक्षत्राचा योगतारा. दृश्य प्रकाशात तिथे फारसं काही नाही. आयरासच्या चित्रांत मात्र ह्या ताऱ्याभोवती धुळीचं एक प्रचंड कडं दिसतं. ते सुमारे १० अंश रुंद आहे, म्हणजे पौर्णिमेचे वीस चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. लॅम्डा हा अतितप्त ओ वर्गाचा तारा आहे. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू तापून फुगला, आणि जोडीला सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी इथे एका ताऱ्याचा महास्फोटही झाला असावा असं मानतात. कड्यावर बर्नार्ड ३० आणि बर्नार्ड ३५ असे दोन काळे ढग आहेत. त्यांची लॅम्डाकडची कडा उजळलेली असते, समुद्राकडची भिंत उन्हात असावी तशी.

ही जागा तिने निवडली, मी नाही. ‘मिरगाच्या डोक्यात बघूया, मॅडम’ एवढंच तिचं कारण होतं. मला ते पुरेसं वाटलं, आणि आजही वाटतं.

यादी

बर्नार्ड ३० भोवतीच्या एक अंश त्रिज्येतल्या ऑलवाईजच्या सगळ्या नोंदी तिने उतरवल्या. नेट तुटत होतं, तीन रात्री लागल्या. मग टॉपकॅट ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन अटी घातल्या. पहिल्या दोन पट्ट्यांच्या प्रतींतला फरक ०.२५ पेक्षा जास्त हवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला १ पेक्षा जास्त. दुसऱ्या वर्गाच्या ताऱ्यांसाठी अशाच अटी संशोधक वापरतात. त्यांच्या त्यापुढच्याही बऱ्याच अटी असतात. त्या आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून ठेवल्या, आणि ह्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

अटींतून शंभराच्या वर ओळी उरल्या. तिने त्या आकाशाच्या नकाशावर मांडल्या आणि चित्र मला पाठवलं. लाल ठिपके ढगाच्या उजळ कडेला धरून, ओवल्यासारखे एका ओळीत उभे होते.

पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेलं असतं. तापलेला तारा ढगाची कडा दाबतो, दाबाने ढग दाटतो आणि दाटल्या जागी नवे तारे जन्मतात. आम्हाला जे दिसायला हवं होतं तेच डोळ्यांसमोर होतं, तेही पहिल्याच प्रयत्नात. मी वीस वर्षं शिकवते आहे. मी ते चित्र मोठं करून बघितलं, दोघींनी फोनवर भरभरून बोलून घेतलं, आणि आठवड्याभरात विद्यार्थ्यांच्या एका परिषदेसाठी पोस्टरचा गोषवारा धाडून दिला. त्यात ‘कडेवरची ताराजन्माची रांग’ असे शब्द होते. ते माझे होते.

सतरावी ओळ

पोस्टरवर लावायला चित्रं हवी होती, म्हणून तिने पहिल्यांदाच यादीतल्या ठिपक्यांची खरी छायाचित्रं उघडली. ॲलाडिन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकाशातल्या एकाच जागेची वेगवेगळ्या पट्ट्यांतली चित्रं शेजारी शेजारी लावता येतात. सतरावी ओळ यादीतल्या सर्वांत लाल ठिपक्यांपैकी, म्हणून ती आधी. संध्याकाळची वेळ, बाहेर मळभ, वडील पडवीत जाळं विणत बसलेले. लेक काय करते ते बघायला ते वाकले.

चार चौकोन होते. ३.४ मायक्रॉनला मधोमध बारीकसा टिंब, स्वच्छ. ४.६ लाही तोच टिंब, थोडा मंद. १२ ला टिंब नव्हताच. चौकोनाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाणारी उजेडाची मऊ पट्टी होती आणि मधला क्रॉस तिच्यावर पडला होता. २२ ला तीच पट्टी, आणखी फुगीर.

‘ह्यात दिवो खंय?’ वडिलांनी विचारलं. तिने क्रॉसवर बोट ठेवलं. ‘हो दिवो नाय गो. हो नुसतो उजेड असा.’

पहाटे धुक्यातून बंदराकडे येताना त्यांना हेच ओळखावं लागतं : हा दुसऱ्या होडीवरचा दिवा, की किनाऱ्यावरच्या उजेडाची धुक्यावर पडलेली झाक. दिव्याला टोक असतं, झाकेला नसतं. तिने मला रात्रीच फोन केला. ‘मॅडम, सतरा नंबरमध्ये १२ मायक्रॉनला तारा नाहीच आहे.’ मी म्हटलं, एखादा असा निघायचाच, बाकीचे बघ. ती म्हणाली, ‘बाकीचे बघूनच फोन केला.’

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्ही यादी ओळीओळीने उघडली. यादी खोटं बोलत नव्हती, आम्ही ती अर्धीच वाचली होती. वाईजच्या प्रत्येक नोंदीत चारही पट्ट्यांसाठी एकेक अक्षर असतं : ए, बी, सी किंवा यू. यू म्हणजे त्या पट्ट्यात काही सापडलेलं नाही, आणि लिहिलेला आकडा ही फक्त ‘असलाच तर याहून ठळक नाही’ अशी मर्यादा. अशा ओळीत त्रुटीचा, म्हणजे मोजमाप किती चुकू शकतं त्याचा, रकाना रिकामा असतो. सतराव्या ओळीत तिसऱ्या पट्ट्यापुढे ११ च्या आसपासची प्रत लिहिली होती आणि तिच्या शेजारची जागा कोरी होती. ती कोरी जागा आम्ही दोघींनी महिनाभर रोज बघितली होती. सॉफ्टवेअरने त्या मर्यादेलाच मोजमाप समजून वजाबाकी केली, आणि ढगातून येताना किंचित तांबूस झालेला मागचा एक साधा तारा आमच्या यादीत तान्हा होऊन बसला.

काही ओळींत तर अक्षर चक्क ए होतं, आणि तरी चित्रात तारा नव्हता. हे समजायला जास्त वेळ लागला. वाईजला १२ मायक्रॉनला २२ मायक्रॉनच्या खालोखाल धूसर दिसतं. टिंबाची रुंदी सुमारे साडेसहा विकला, आणि २२ ला १२ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). संगणक ठिपक्याच्या जागी टिंबाचा ठरीव आकार बसवून बघतो. मागे उजेडाची दाट पट्टी असेल तर तिच्यातलाच एखादा उंचवटा तो टिंब म्हणून मोजतो, आणि उजेड भरपूर असल्यामुळे मोजणी ‘चांगली’ ठरते. पण बसवलेला आकार आणि खरी पट्टी जुळत नाहीत, हे दुसऱ्या एका रकान्यात नोंदलेलं असतं. काय-वर्ग नावाचा तो आकडा १ च्या जवळ हवा. आमच्या अशा ओळींत तो कितीतरी पुढे गेला होता. चांगली वर्गीकरणं नेमकी ह्याच रकान्यावर अटी लावतात. आम्ही ‘नंतर बघू’ म्हटलेल्या अटी त्या ह्याच.

ह्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची. खोटे ठिपके कुठेही विखुरलेले नव्हते. ते कडेवरच ओळीत होते, आणि त्याला कारण आहे. वाईजच्या १२ मायक्रॉनच्या रुंद पट्ट्यात ११.३ मायक्रॉनची एक ठळक चमक येते. ती काजळीच्या जातीच्या कार्बनी रेणूंची, पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांची. हे रेणू अतिनील किरण पडले की चमकतात. लॅम्डाचे अतिनील किरण ढगाच्या कडेवर पडतात, म्हणून चमक कडेवर, म्हणून खोटे ठिपकेही कडेवर. जो तारा कडेवर नव्या ताऱ्यांना जन्म देतो असं आपण मानतो, तोच तारा त्याच कडेवर तशी फसवी रांगही उभी करतो. चूक तिथेच जाऊन बसली होती जिथे आम्हाला खरं उत्तर हवं होतं. चित्र इतकं सुंदर जमलं नसतं तर आम्ही ते पहिल्याच दिवशी तपासलं असतं.

गोषवारा आम्ही परत घेतला. पत्र तिने लिहिलं, कारणासकट.

उरलेल्या ओळी

अक्षर आणि काय-वर्ग ह्यांच्या अटी लावल्यावर यादी एकदम आटली. मग एकेक चित्र बघून उरलेल्यांना हातांनी गाळलं. तरीही बाकी सगळे तारेच, असं म्हणता येत नव्हतं.

मंद ठिपक्यांत बरेचसे तारे नसून दूरच्या दीर्घिका असतात. एखाद्या दीर्घिकेच्या मध्यभागातलं कृष्णविवर आजूबाजूचा वायू गिळंकृत करत असलं की भोवतालची धूळ तापते, आणि पहिल्या दोन पट्ट्यांतला फरक ०.८ च्या वर जातो, म्हणजे तो ठिपका आमच्या अटीतून सहज आत येतो. अशा दीर्घिका वाईजच्या दुसऱ्या पट्ट्यात १५व्या प्रतीपर्यंत दर चौरस अंशात सुमारे ६० सापडतात. मृगाच्या अख्ख्या कड्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस अंश. तिने गुणाकार केला आणि ४,७०० ह्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. ढगाची धूळ अवरक्ताला फारशी अडवत नाही, हा सुरुवातीला आमचा फायदा होता. आता त्याच कारणाने ढगापलीकडची गर्दी आरपार दिसत होती. ठळकपणाची मर्यादा घालून ती कापावी लागते, आणि त्यात काही खरे मंद तारेही जातात. हे नुकसान सोसावंच लागतं.

ठळक बाजूलाही एक फसवणूक असते, ती म्हाताऱ्या ताऱ्यांची. आयुष्याच्या शेवटी तांबडे राक्षसी तारे स्वतःच धूळ बाहेर टाकतात आणि तिच्यात गुरफटून घेतात. जन्मणारा आणि मरणारा, दोघेही अवरक्तात सारखेच लाल. स्पिट्झर दुर्बिणीच्या आकाशगंगेच्या पाहणीतून २००८ मध्ये अशा सुमारे १९,००० लाल ठिपक्यांची यादी निघाली, तेव्हा त्यांतले ३० ते ५० टक्के असे म्हातारे असावेत असा अंदाज दिला गेला. मृगाचं डोकं आकाशगंगेच्या मध्यरेषेपासून सुमारे १२ अंश दूर आहे, म्हणून इथे ते कमी. आमच्या यादीत एक निघाला. गाया उपग्रहाने मोजलेल्या पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो त्यावरून, तो सापडला. तारा जितका दूर तितका पराशय कमी. कड्यावरच्या ताऱ्याचा पराशय सुमारे २.५ मिलीविकला असायला हवा. ह्याचा जवळपास शून्य होता, म्हणजे तो कड्याच्या कितीतरी मागचा.

शेवटी ज्या ओळी राहिल्या त्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या. सिंबाद ह्या फ्रान्समधल्या, आधी ओळखलेल्या ताऱ्यांच्या नोंदवहीत बघितलं तर त्यांतले बहुतेक तान्हे तारे म्हणून आधीच नोंदलेले होते. ती हिरमुसेल असं मला वाटलं होतं. झालं उलट. ज्यांना मोठ्या दुर्बिणींनी वर्णपट घेऊन ओळखलं होतं, त्याच ताऱ्यांपर्यंत ती पडवीत बसून स्वतःच्या वाटेने पोचली होती, आणि जे नव्हते ते नाहीत हेही तिने स्वतःच ठरवलं होतं. त्या दिवशी तिने वहीत सतराव्या ओळीचे चारही चौकोन छापून चिकटवले आणि खाली फक्त तारीख लिहिली.

नोंदवहीत नसलेल्या एखाद-दोन ओळींबद्दल मी आज काही म्हणणार नाही. त्यांना वर्णपट हवा. तारा खरंच तबकडीतून वायू ओढून घेत असेल तर २.१७ मायक्रॉनजवळ हायड्रोजनची रेषा उठते. हॅनलेच्या २ मीटर दुर्बिणीवर आणि उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर हे काम करणारी उपकरणं आहेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेली. तिथे वेळ मागायला अर्ज करावा लागतो, आणि अर्जात प्रत्येक ओळीचं समर्थन द्यावं लागतं. आता ते तिला देता येईल.

दरम्यान तिने दुसरं काम काढलं आहे. गारवा संपलेल्या वाईजला २०१३ मध्ये पुन्हा जागं केलं गेलं आणि पहिल्या दोन पट्ट्यांत ती दर सहा महिन्यांनी पूर्ण आकाश बघत राहिली. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याची दहा वर्षांची वही तयार आहे. तान्हे तारे शांत नसतात. ह्याच कड्यावर, बर्नार्ड ३५ च्या ढगात, एफयू ओरायनिस आहे. १९३६-३७ मध्ये तो काही महिन्यांत सुमारे ६ प्रतींनी, म्हणजे अडीचशे पट उजळला आणि अजून पुरता ओसरलेला नाही. तिने उरलेल्या ओळींतल्या एका ताऱ्याचा आलेख काढला. दर मार्च आणि दर सप्टेंबरला ठिपक्यांचा एक झुबका, मध्ये सहा महिन्यांची पोकळी. झुबके हळूहळू वर चढतात, मग दोन वर्षं खाली येतात, पुन्हा चढतात. शेवटचा झुबका मार्च २०२४ चा, कारण त्या ऑगस्टमध्ये वाईज कायमची बंद झाली.

मार्च २०२५ मध्ये स्फिअरएक्स ही नवी अवकाश दुर्बीण गेली आहे. तीही दर सहा महिन्यांनी सगळं आकाश बघते, ०.७५ ते ५ मायक्रॉनमध्ये १०२ रंगांत, आणि तिची माहितीही सगळ्यांना खुली आहे. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली, वडील पहाटे निघू लागले. ती त्याच वेळी उठते, कारण तेव्हा नेट चांगलं चालतं. मृगाच्या डोक्याचे नवे चौकोन उतरवते आणि आकड्यांकडे वळायच्या आधी प्रत्येक चौकोन उघडून बघते : मधोमध टोक आहे का.